जेरल्ड वायली हाजिर हो!

गावोगावी एक नकल्या असतो. हेडमास्तरांचा खाकरा, तलाठ्याचे चष्म्यावरून बघणे, बँडवाल्याचे फुगलेले गाल, सगळा माल त्याच्याकडे तयार. गणपतीच्या मांडवात तो तासभर लोकांना हसवून लोळवतो. मग एखादा उत्साही कार्यकर्ता त्याच्या हातात माईक देतो आणि म्हणतो, "आता तुमचे स्वतःचे दोन शब्द होऊन जाऊ द्या." झाले! मघाशी तलाठी, तलाठ्याची सासू आणि सासूची म्हैससुद्धा होऊन गेलेला हा गडी स्वतः व्हायची वेळ आली की घामाघूम होतो. "मी काय बोलणार... आपले सर्वांचे..." एवढे पुटपुटून माईक जवळच्या पोराच्या हातात कोंबतो आणि पडद्यामागे पळतो.

या जातीतला मी पाहिलेला सर्वांत अस्सल नमुना इंग्लंडात होऊन गेला. त्याचे नाव रॉनी बार्कर. आपल्याकडे इंग्रजी विनोदी नट म्हटले की मिस्टर बीन आठवतो, कारण तो बोलत नाही. बार्कर बोलायचा, आणि असे बोलायचा की ते इंग्रजीतून बाहेर काढायला गेलात तर हातात नुसती साल येते. म्हणून तो समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत फारसा पोचला नाही. तिकडे मात्र टीव्हीसमोर सगळे घर बसवणारा हा माणूस. आणि गंमत अशी की इतकी वर्षे तो त्या घराघरांत गेला, पण स्वतः म्हणून क्वचितच.

जन्म २५ सप्टेंबर १९२९, बेडफर्डचा. वडील तेलकंपनीत कारकून. पुढे बिऱ्हाड ऑक्सफर्डला आले. ऑक्सफर्ड म्हटल्यावर लगेच काळा झगा डोळ्यांपुढे आणू नका. हा त्या गावातल्या विद्यापीठाच्या भिंतीबाहेरचा मुलगा. आधी वास्तुशास्त्र शिकायला गेला आणि काही महिन्यांत परत आला. मग बँकेत चिकटला, तोही बहिणीने सोडलेल्या जागेवर. म्हणजे आयुष्यातली पहिली नोकरीसुद्धा दुसऱ्याच्या खुर्चीत. संध्याकाळी हौशी नाटके, दिवसा खातेवही, असे थोडे दिवस चालले. १९४८च्या नोव्हेंबरात त्याने एल्सबरीच्या नाटक कंपनीत पगारी नट म्हणून पाऊल टाकले.

तेव्हाच्या गावोगावच्या इंग्रजी कंपन्या दर आठवड्याला नवे नाटक लावायच्या. रात्री एका नाटकात म्हातारा पाद्री व्हायचे आणि सकाळी पुढच्या नाटकातल्या खुन्याची नक्कल पाठ करायची. आठवड्याला एक मिशी, एक चाल, एक खोकला. चांगला नट त्यात तावूनसुलाखून निघतो आणि कच्चा नट विम्याच्या धंद्यात जातो. बार्करला हे जगणे इतके मानवले की पुढे उभा जन्म त्याने आठवडी बाजारासारखा काढला. रोज नवे दुकान, मालक तोच, पण पाटीवर नाव वेगळे.

मध्ये काही दिवस कामाविना गेले तेव्हा तो ऑक्सफर्डच्या विंगफील्ड रुग्णालयात पोर्टर झाला. तिथे पोलिओचे रुग्ण होते. त्यांच्याकडे पाहून त्याच्या पोटात कालवायचे. वीस-एकवीस वर्षांचा पोर, मन घट्ट करायचे कसे? त्याने एक उपाय काढला. 'चार्ली' नावाचा एक गडी मनात तयार केला आणि वॉर्डात जाताना तो अंगावर चढवून जाऊ लागला. रॉनीला जे सोसत नव्हते ते चार्ली सोसायचा. रुग्णांना हसवायचाही. माझ्या मते या माणसाची सगळी कुंडली त्या वॉर्डात मांडलेली आहे. इतर नट टाळ्यांसाठी सोंग घेतात. हा तग धरण्यासाठी घेत होता.

पुढचे रंगमंच, रेडिओवरची 'नेव्ही लार्क' आणि त्यातले त्याचे नाना आवाज हे सगळे ओलांडून मी १९६६ला येतो. डेव्हिड फ्रॉस्टचा 'फ्रॉस्ट रिपोर्ट' बीबीसीवर सुरू झाला. फ्रॉस्ट, जॉन क्लीज आणि लेखकांपैकी बरेच जण केंब्रिज-ऑक्सफर्डचे. त्यांच्यात दोघे पदवीविनाचे: बार्कर आणि स्कॉटलंडहून आलेला पाच फूट एक इंचाचा रॉनी कॉर्बेट. आपण यांना थोरला रॉनी आणि धाकटा रॉनी म्हणू; वयानेही थोरला वर्षभराने थोरलाच. त्या कार्यक्रमातले एक छोटे प्रहसन आजही दाखवतात. तिघे ओळीने उभे. ताडमाड क्लीज वरच्या वर्गाचा, बार्कर मधल्या, कॉर्बेट खालच्या. मधला बार्कर वर बघतो तेव्हा लाचार होतो आणि खाली बघतो तेव्हा त्याची मान ताठ होते. संवाद दोन-चार, मानेची हालचाल दोन-चार अंश, आणि इंग्लंडची वर्णव्यवस्था उभी. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

आता मूळ आरोपीकडे येऊ. फ्रॉस्टच्याच पुढच्या रविवारच्या कार्यक्रमासाठी टपालाने काही प्रहसने आली. लेखक: जेरल्ड वायली. पाठवणारा पीटर ईड, म्हणजे बार्करचाच एजंट. ईडने सांगितले की वायली हे जरा एकलकोंडे गृहस्थ आहेत, कोणाला भेटत नाहीत. प्रहसने वाचली, बसवली, लोक हसले. आणखी आली, आणखी हसले. मग स्टुडिओत खल सुरू झाला. हा वायली कोण? कोणी म्हणे टॉम स्टॉपर्ड, कोणी म्हणे फ्रँक म्युअर, कोणी अॅलन बेनेटवर पैज लावायला तयार. एका कोपऱ्यात बार्कर बसलेला. तोही चर्चेत भाग घ्यायचा. एखादे प्रहसन हातात घेऊन नाक मुरडायचा, हे काही वायलीच्या नेहमीच्या तोलाचे नाही म्हणायचा. स्वतःच्या लेखनावर इतकी निष्पक्ष टीका करणारा लेखक मराठीत तरी मला माहीत नाही. आपल्याकडे टोपणनावाने लिहिणारे पुष्कळ. पण चार टवाळक्या परतवायच्या असल्या तर तेच टोपणनाव घेऊन स्वतःच्या पुस्तकाची स्तुती लिहिणारे जास्त.

वायलीचे डॉक्टरच्या दवाखान्यावरचे एक प्रहसन होते. वाट बघत बसलेली गप्प माणसे आणि त्यांना बोलते करू पाहणारा एकटा जीव. धाकट्या रॉनीला ते आपल्या रंगमंचावरच्या कार्यक्रमासाठी हवे होते. त्याने एजंटामार्फत विचारणा केली. वायलीने ३००० पौंड मागितले. धाकटा हबकला आणि सल्ला घ्यायला कोणाकडे गेला? थोरल्याकडे. थोरल्याने ऐकून घेतले, रक्कम फार आहे म्हटले, देऊ नकोस म्हणून बजावले. मग वायलीचा निरोप आला की इतके सुंदर काम करता, प्रहसन फुकट घ्या. धाकटा भारावला. त्याने आभारादाखल काचेचे नक्षीदार पेले घेतले, त्यांवर 'जी. डब्ल्यू.' अशी आद्याक्षरे कोरून घेतली आणि ईडच्या पत्त्यावर रवाना केले. म्हणजे किंमत लावणारा हा, घासाघीस करायला शिकवणारा हा, दान करणारा हा आणि पेले घरी नेणारासुद्धा हाच. मध्ये धाकटा बिचारा उगीच पोस्टमन.

शेवटी वायलीने सर्वांना जेवायला बोलावले. स्टुडिओच्या समोरच एक चिनी हॉटेल होते. सगळी मंडळी जमली. दार उघडले की माना वळायच्या. जो आत येईल तो वायली, असा प्रत्येकाचा संशय. मग बार्कर उभा राहिला आणि म्हणाला, मीच तो. कोणी विश्वास ठेवायला तयार होईना. यात चूक कोणाची? जो माणूस दिवसाला तीन वेगवेगळी माणसे असतो त्याने चौथा मीच म्हणून सांगितले तर लोक त्यालाही चौथे सोंगच समजणार.

याला लोक विनय म्हणतात. मला ते पटत नाही. नटश्रेष्ठाने लिहिलेले प्रहसन कोण नाकारणार? निर्माता हसेल, दिग्दर्शक हसेल, चहा आणणारा पोऱ्या दोनदा हसेल. बार्करला ते हसू नको होते. परीक्षेच्या पेपरावर नाव न घालता नुसता नंबर टाकतात ना, तसे त्याला मार्क हवे होते. आपला विनोद आपल्या तोंडाशिवाय, आपल्या वजनाशिवाय उभा राहतो की नाही हे पाहायची त्याची खुमखुमी होती. याच्याइतका टणक अहंकार माझ्या पाहण्यात नाही. वायलीवर तो थांबला नाही. 'हिज लॉर्डशिप एंटरटेन्स' जोनाथन कोबाल्डने लिहिले. शेवटची मालिका 'क्लॅरन्स' लिहिली बॉब फेरिसने. सगळे एकाच माणसाचे हस्तक.

१९७१ साली बीबीसीने दोघा रॉनींना एकत्र बांधले आणि 'द टू रॉनीज' सुरू झाला तो १९८७पर्यंत चालला. आता पेच आला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला कोणी तरी प्रेक्षकांना नमस्कार-चमत्कार करायला हवा. तो थोरल्याला जमेना. मी अमुक, आपले स्वागत, एवढे म्हणायचे तर त्याच्या घशाला कोरड. तोडगा निघाला तो असा: दोघांनी बातम्या देणाऱ्यांच्या टेबलापाशी बसायचे आणि विनोदी बातम्या वाचायच्या. बातमीदाराचे सोंग आले की थोरला मोकळा. कार्यक्रमात एक आरामखुर्ची असे. तिच्यात बसून धाकटा लोकांशी गप्पा मारल्यासारखी एक लांबच लांब, वाट चुकलेली गोष्ट सांगायचा. त्या खुर्चीत थोरल्याला बसवणे म्हणजे आमच्या नकल्याच्या हातात पुन्हा माईक देणे. तो आपला कुठल्या तरी मंत्रालयाचा प्रवक्ता व्हायचा, नाहीतर उच्चारदोष असलेल्यांच्या संस्थेचा अध्यक्ष, आणि एकेक शब्द जागचा हलवून पाच मिनिटे अशा सफाईने बोलायचा की चुकीचे बोलायला किती शुद्ध जीभ लागते ते कळावे.

या सगळ्यातले शिखर म्हणजे १९७६ साली दाखवलेले अवजारांच्या दुकानाचे प्रहसन. लेखक अर्थात वायली. तपकिरी डगला घातलेला धाकटा रॉनी गल्ल्यापाशी, आणि लोकरी टोपीतला थोरला गिऱ्हाईक. गिऱ्हाईक काही तरी मागतो. दुकानदार चार मेणबत्त्या ('फोर कँडल्स') काढून ठेवतो. गिऱ्हाइकाला हवे असतात काट्याचे दांडे ('फोर्क हँडल्स'). दोन्ही शब्द त्याच्या तोंडून एकसारखेच निघतात, कारण त्याच्या बोलीत 'ह' नावाचा वर्ण नाही. पुढे प्रत्येक वस्तूला हेच. दुकानदार शिडीवरून पाटीच्या अक्षरांची पेटी खाली आणतो, पुन्हा वर ठेवून उतरतो, आणि गिऱ्हाईक शांतपणे त्याच पेटीतले पुढचे अक्षर मागतो. निदान दुकानदाराला तरी तसे वाटते.

हे मी लक्ष देऊन पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट डोळ्यांत भरते. लिहिणारा बार्कर. मग त्याने स्वतःला कोणती भूमिका दिली? जो फक्त मागतो त्याची. तो हसत नाही, चिडत नाही, आवाज चढवत नाही. नखभर घाई नाही. फुटणारा, तापणारा, दात-ओठ खाणारा सगळा भाग धाकट्याच्या ताटात वाढला आहे, आणि लोक धाकट्याला हसतात. मराठी रंगभूमीवर नट-लेखकाने स्वतःसाठी काय लिहून ठेवलेले असते हे तालमीला बसलेल्यांना विचारा! कल्पना त्याची असली तरी बीज बाहेरचे होते; हेजमधल्या एका दुकानात गिऱ्हाइकाच्या उच्चाराने असा घोटाळा झाल्याचे प्रेक्षकांनी कळवले होते. शेवट मात्र त्याला स्वतःला कधी पसंत पडला नाही. वायलीवर टीका करायची सवय अशी सहजासहजी जात नाही.

सगळेच इतके ताजे राहिलेले नाही, हेही सांगून टाकतो. समुद्रकिनाऱ्यावर विकत मिळणारी चावट चित्रे असलेली जुनी पोस्टकार्डे बार्कर हौसेने जमवायचा, त्यांची पुस्तकेही काढली त्याने. त्या पोस्टकार्डांचा वास कार्यक्रमालाही होता. लठ्ठ बायको, दचकलेला नवरा, दोन अर्थांचा एक शब्द. १९८२च्या सुमारास बीबीसीवरच्याच तरुण मंडळींनी दोघांची अशी काही नक्कल केली की थोरला दुखावला. आयुष्यभर नकला केलेल्या माणसाला स्वतःची नक्कल सोसेना! पण त्या पोरांचे काही फार चुकले होते असे मला वाटत नाही.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या भूमिकांत त्याची दोन माणसे अजरामर झाली. पहिला नॉर्मन स्टॅनली फ्लेचर, 'पॉरिज'मधला मुरलेला कैदी. लेखक डिक क्लेमेंट आणि इअन ला फ्रेने. काळ १९७४ ते ७७. सरकारने खऱ्या तुरुंगात चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, म्हणून ईलिंग स्टुडिओतल्या एका जुन्या पाण्याच्या टाकीत तुरुंगाचे मजले उभारले. फ्लेचर पळून जायची स्वप्ने बघत नाही. एखादा डबा अननस, ऊबदार मोजे, वॉर्डरला एक शालजोडीतला टोला, एवढ्यात त्याचा दिवस सोन्याचा होतो. सोबतीला कोठडीतला पोरसवदा गॉडबर. ते काम करणारा रिचर्ड बेकिन्सेल १९७९ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला, आणि बार्करने एक मुलगाच गमावल्यासारखे मनाला लावून घेतले. मालिकेच्या सुरुवातीला न्यायाधीशाचा आवाज येतो आणि फ्लेचरला पाच वर्षांची शिक्षा सुनावतो. तो आवाज कोणाचा? बार्करचा. आरोपी तो, आणि निकाल देणाराही तोच.

दुसरा आर्कराइट, 'ओपन ऑल अवर्स'मधला किराणा दुकानदार. रॉय क्लार्कच्या संहितेत तो तोतरा नव्हता. ते तोतरेपण बार्करने ग्लेन मेल्व्हिन नावाच्या, नाटक कंपनीतल्या जुन्या साथीदाराकडून शिकून जपून ठेवले होते आणि वीस-एक वर्षांनी बाहेर काढले. आज कोणी तोतरेपणावर हसू देणार नाही, आणि तेही बरेच झाले. पण आर्कराइटचे अडखळणे पुष्कळदा सोयीचे असते. किंमत सांगताना तो अडखळतो ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत. त्याच्या गल्ल्याचा ड्रॉवर सापाच्या जबड्यासारखा खाडकन मिटतो; बोटे वेळेवर काढली नाहीत तर गेलीच. भाचा ग्रॅन्व्हिल म्हणजे डेव्हिड जेसन, पगार नावापुरता, सायकल जुनी. डॉनकास्टरमध्ये जिथे या दुकानाचे बाहेरचे चित्रीकरण झाले ते प्रत्यक्षात बायकांचे केस करायचे सलून होते. म्हणजे दुकानसुद्धा सोंग घेऊनच आले होते.

आणि मग १९८७च्या अखेरीस या माणसाने एक दिवस कायमचे दुकान बंद केले. वय अठ्ठावन्न, लोकप्रियता माथ्यावर. धाकट्याला आधीच सांगून ठेवले होते, बाकी कोणाला पत्ता नाही. नाट्यदिग्दर्शक पीटर हॉलने शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफची भूमिका देऊ केली तीही नको म्हणाला. बायको जॉयला घेऊन ऑक्सफर्डशायरच्या खेड्यात गेला आणि चिपिंग नॉर्टनला जुन्या वस्तूंचे दुकान काढले, 'द एम्पोरियम'. पेनीपेनीला जीव टाकणाऱ्या आर्कराइटने खरेखुरे दुकान काढले, हे ऐकून मला वाटले की आता गाव भिकेला लागणार. झाले उलटे. हे दुकान दहा वर्षे तोट्यात चालले. आर्कराइटने पहिल्याच आठवड्यात त्याला भाच्यासकट हाकलून दिले असते. बोलबाला झालेला नट काउंटरमागे बसलेला. आलेल्यांपैकी किती जण किटली बघायला येत असतील आणि किती जण त्याला, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि इथे घालायला सोंग नव्हते! दुकानदाराचे सोंग त्याला चांगले येत होते, पण खरे गिऱ्हाईक समोर उभे राहिले की संहिता कोण देणार?

तसा तो थोडा परतला. २००२ साली 'द गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये चर्चिलचा नोकर इंचेस झाला, पुढच्या वर्षी एका चित्रपटात जनरल. आणि २००५ साली जुन्या प्रहसनांच्या निमित्ताने दोघे रॉनी पुन्हा त्या बातम्यांच्या टेबलामागे बसले. त्याच ऑक्टोबरात, ३ तारखेला, थोरला गेला. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याच्यासाठी प्रार्थना झाली. तिथे मिरवणुकीत दोन मेणबत्त्या नेण्याची पद्धत. त्या दिवशी चार नेल्या. चर्चमधले मान्यवर खाली मान घालून हसत होते, असे मी तरी समजतो. एल्सबरीत, जिथे त्याने पहिल्यांदा पगारी सोंग काढले, तिथे त्याचा ब्राँझचा पुतळाही बसवला आहे. पुतळा बार्करचा, पण फ्लेचरच्या वेशातला. पुतळा करणाऱ्यालाही बहुधा दुसरा काही नमुना मिळाला नाही.

२००७ साली अवजारांच्या दुकानाच्या त्या प्रहसनाची मूळ हस्तलिखित संहिता लिलावात निघाली आणि ४८,५०० पौंडांना गेली. दहा वर्षे जुन्या वस्तू मांडून बसलेल्या या माणसाच्या दुकानात इतक्या किमतीची एकही चीज नसावी. वायलीचे ३००० पौंड धाकट्या रॉनीला तेव्हा जास्त वाटले होते.